जनुकशास्त्रातील प्रगतीमुळे औषधोपचार आणि अन्न यांत प्रत्यक्ष काय बदलले आहे?

सर्वांत मोठा बदल उपचारांत झाला आहे आणि सिकल सेल हा आनुवंशिक रक्ताचा आजार त्याचे बोलके उदाहरण आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एका अक्षराच्या फरकामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘कॅसजेव्ही’ उपचारात रुग्णाच्याच रक्तमूलपेशी (रक्तपेशी तयार करणाऱ्या पेशी) बाहेर काढून, क्रिस्पर या डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या तंत्राने, गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचा नियंत्रक भाग निकामी केला जातो. त्यामुळे जन्मानंतर जवळजवळ बंद पडलेले हे हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. मूळ दोष तसाच राहतो आणि तरीही आजार आटोक्यात येतो, हे मला विलक्षण वाटते. मात्र या पेशी परत सोडण्यापूर्वी तीव्र केमोथेरपी घ्यावी लागते, शिवाय खर्च इतका अवाढव्य आहे की, ज्यांना गरज सर्वाधिक आहे त्यांतील बहुतेकांना हा उपचार अद्याप परवडत नाही, ही खरोखर अस्वस्थ करणारी बाब आहे.

अन्नाच्या बाबतीत प्रत्येक बदल म्हणजे जनुकांतर, म्हणजे दुसऱ्या सजीवाचे जनुक पिकात घालणे, नव्हे. पुराच्या पाण्याखाली सुमारे दोन आठवडे तग धरणारे भाताचे वाण नेहमीच्या संकरातूनच आले. फक्त पाण्याखाली तग धरण्याचा गुण देणारा सब१ हा जनुकीय भाग कोणत्या रोपात उतरला, हे डीएनए तपासून ठरवले गेले.