पूर्ण भूल दिलेली असताना ऑपरेशनच्या मध्येच जाग येते का?

तुमच्या आईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय आणि 'मला आतलं सगळं ऐकू येत होतं' असं शेजारणीने सांगितल्यापासून त्यांची झोप उडालीय, असं तुम्ही लिहिलंय. आधी शेजारणीला विचारा, इंजेक्शन पाठीच्या मणक्यात दिलं होतं का? तसं असेल तर ऐकू येणारच, त्यात माणूस जागाच असतो.

पूर्ण भुलेत जाग येणं खरं आहे, पण फार क्वचित. ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४च्या मोठ्या पाहणीत साधारण १९,००० रुग्णांमागे एकाने तशी तक्रार केली होती. पूर्ण भूल देऊन केलेल्या सिझेरियनमध्ये मात्र सुमारे ६७० मागे एक.

मी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होते. जुलैतल्या एका रात्री तातडीचं सिझेरियन आलं, भूल मीच दिली. बाळ गुंगीत जन्मू नये म्हणून औषध बेताचं ठेवलं होतं. दोन दिवसांनी ती बाई मला म्हणाली, "मॅडम, त्या वेळी शीवला पाणी भरून गाड्या थांबल्या होत्या ना? सिस्टर सांगत होत्या." माझ्या पोटात गोळा आला. सिस्टर खरंच तसं बोलली होती. दुखलं नाही म्हणाली, पण बोट हलवायला गेली तर हलेना, आपण मेलोच असं तिला वाटलं. आणि वॉर्डात सगळे तिला 'स्वप्न पडलं असेल गं' म्हणत होते! त्याचा तिला जास्त त्रास झाला. मी तिच्याजवळ बसून सांगितलं, हे खरंच घडलं, आणि माफी मागितली.

बोट का हललं नाही? भुलेत झोपेचं, वेदना मारणारं आणि स्नायू सैल करणारं अशी वेगवेगळी औषधं असतात. झोपेचं कमी पडलं आणि स्नायूंचं चालूच राहिलं, की रुग्ण सांगू शकत नाही. बहुतेक वेळा हे अगदी सुरुवातीला किंवा शेवटी होतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये औषध बेतायची घाई नसते, आणि श्वासातून किती भूल बाहेर पडतेय ते मशीन सतत दाखवतं.

आईंना पूर्वी असं कधी झालं असेल, रोज झोपेची गोळी लागत असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. ऑपरेशननंतर त्याच दिवशी आणि आठवड्याने पुन्हा विचारा, 'झोप लागायच्या आधीचं शेवटचं काय आठवतं? मधलं काही?' कधीकधी आठवण उशिरा वर येते. त्या काही सांगू लागल्या तर मध्ये न तोडता ऐकून घ्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटायला बोलवा.