घरी शिकणाऱ्या मुलासाठी रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की मुलगा पंधरा वर्षांचा आहे, शाळेत न जाता घरीच शिकतो आणि येत्या वर्षी रसायनशास्त्र सुरू करायचंय. तुमचा स्वतःचा या विषयाशी संबंध कधीच सुटला, आणि समोर इतके अभ्यासक्रम आहेत की कुठला घ्यावा कळत नाही. वर प्रयोगांचं काय करायचं, हा प्रश्न आहेच.

मी यातून दोनदा गेले आहे. थोरल्या मुलीच्या वेळी बरंच चुकलं, धाकट्याच्या वेळी कमी. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे आणि तरीही चुकले, तेव्हा तुम्हाला विषय येत नाही ही मोठी अडचण समजू नका.

कुठल्याही अभ्यासक्रमाचा नमुना हातात आला की पहिलं प्रकरण वाचत बसू नका. पहिलं प्रकरण सगळ्यांचंच छान असतं. रंगीत चित्रं, द्रव्याच्या अवस्था, शास्त्रज्ञ कसा विचार करतात वगैरे. थेट मोलचं प्रकरण उघडा. मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं एकक, डझनासारखं, फक्त फार मोठं. त्याच्या आधीचं रसायनशास्त्र बरंचसं वर्णनाचं असतं, लक्षात ठेवून निभावतं. त्याच्यानंतरचं जवळजवळ सगळं, म्हणजे समीकरणावरून केलेली वस्तुमानाची गणितं, द्रावणाची संहती (किती द्रावणात किती पदार्थ), वायूंचे नियम, अनुमापन (माहीत असलेलं द्रावण मोजून घालत दुसऱ्याचं प्रमाण काढणं), पीएच (आम्लतेचं माप), या एका कल्पनेवर उभं आहे. ‘मला केमिस्ट्री जमत नाही’ म्हणणारी जी मुलं मी पाहिली, त्यातली बहुतेक इथेच घसरलेली होती. पुढचं त्यांना कळणारच नव्हतं.

काही पुस्तकं पहिल्याच परिच्छेदात ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात हा आकडा, म्हणजे एका मोलमधल्या कणांची संख्या, देतात आणि खाली एक त्रिकोण काढतात. वर वस्तुमान, खाली मोल आणि मोलर वस्तुमान (एका मोलचं ग्रॅममधलं वस्तुमान). हवी ती राशी बोटाने झाका, उरलेल्यांचा गुणाकार किंवा भागाकार करा. उत्तर बरोबर येतं, पण आपण काय मोजलं हे मुलाला सांगता येत नाही. चांगलं पुस्तक मोजण्याच्या अडचणीपासून सुरुवात करतं. दोन किलो खिळे आहेत, एक खिळा २ ग्रॅमचा. कोणी एकेक मोजत बसत नाही, तोलून १००० म्हणून सांगतो. अणूही असेच तोलून मोजायचे. मॅग्नेशियमचा अणू कार्बनच्या अणूच्या साधारण दुप्पट जड, म्हणून १२ ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू, तितकेच साधारण २४ ग्रॅम मॅग्नेशियममध्ये. हे मनात बसल्यावर तो प्रचंड आकडा आला की मूल त्याला घाबरत नाही, त्याची गरज आधीच कळलेली असते. (२० मे २०१९ पासून मोलची व्याख्या थेट त्या आकड्यावर आहे, त्याआधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून करत. जुन्या आवृत्तीत जुनी व्याख्या दिसली म्हणून पुस्तक टाकून देऊ नका, गणितात काही फरक पडत नाही.)

माझ्या मुलीचं पहिलं पुस्तक त्रिकोणाचं होतं. स्वाध्यायात तिला पैकीच्या पैकी मिळत होते, म्हणून मी निर्धास्त होते. एक दिवस सहज विचारलं, ‘४.२ ग्रॅम खायचा सोडा व्हिनेगरमध्ये टाकला तर किती वायू निघेल?’ तिने विचारलं, ‘यात कुठला त्रिकोण लावायचा?’ त्या आठवड्यात मी पुस्तक बदललं. वर्ष अर्धं झालं होतं, पैसेही गेले होते, पण बदललं ते बरं केलं.

नवं पुस्तक आल्यावर तोच प्रश्न आम्ही टेबलावर घेतला. सोड्याचं मोलर वस्तुमान ८४, म्हणजे ४.२ ग्रॅम सोडा हा ०.०५ मोल. पाच टक्क्यांचं व्हिनेगर १०० मिलिलिटर घेतलं तर त्यात आम्ल साधारण ०.०८ मोल असतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त, सोडा पुरता संपणार. एका मोल सोड्यातून एक मोल कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याचं मोलर वस्तुमान ४४. तेव्हा २.२ ग्रॅम वायू उडून जायला हवा. हे तिने आधी वहीत लिहिलं, मग ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पेला, व्हिनेगर आणि कागदावरचा सोडा असं सगळं एकत्र तोललं. सोडा चिमटीचिमटीने टाकला, नाहीतर फेसाबरोबर थेंब उडतात आणि वजन चुकतं. फेस बसल्यावर रिकाम्या कागदासकट पुन्हा तोललं. घट आली १.९ ग्रॅम.

‘प्रयोग चुकला,’ ती म्हणाली. मी म्हटलं, चुकला नाही, ०.३ ग्रॅम कुठेतरी आहेत, शोध. बराच वेळ ती पेल्याकडे बघत बसली. मग तिलाच सुचलं की थोडा वायू पाण्यात विरघळला असणार. दुसरं मी सुचवलं: कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो पेल्यात द्रवावर साचून बसलाय. तिने काडीने भरपूर ढवळलं आणि पेल्यावर जाड कागदाने हलकेच वारा घातला. पुन्हा तोललं तर घट २.१. वहीत तिने लिहिलं, ‘हरवलेल्या ०.३ पैकी ०.२ सापडले.’ ती वही मी जपून ठेवली आहे. मोल तिला त्या दुपारी कळला असं मी खात्रीने सांगू शकते.

म्हणून अभ्यासक्रमातले प्रयोग तपासताना मी एवढंच बघते: मुलाला आधी आकडा सांगता येईल आणि मग तो ताडून बघता येईल असे प्रयोग त्यात आहेत का? फेस उसळणारा ज्वालामुखी लहानपणी मजेचा असतो, पण पंधराव्या वर्षी त्यातून काही शिकायला उरलेलं नसतं.

पुस्तकाची पारख करायची आणखी एक जागा म्हणजे ऊर्जेचं प्रकरण. ‘बंध (अणूंना एकमेकांशी धरून ठेवणारी जोड) तुटले की ऊर्जा बाहेर पडते’ अशा अर्थाचं वाक्य सापडलं तर ते पुस्तक खाली ठेवा. हे उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. एक मोल हायड्रोजन वायूतले बंध तोडायला सुमारे ४३६ किलोज्यूल लागतात. ऊर्जा बाहेर पडते ती नवे बंध जुळताना. ही चूक सर्रास आढळते आणि एकदा डोक्यात बसली की निघता निघत नाही.

आता गणित, कारण माझी दुसरी चूक तिथली होती. मुलगी समीकरणांच्या गणितात अडली तेव्हा मी रसायनशास्त्र पुन्हा पुन्हा समजावत राहिले, आणि खरी अडचण गुणोत्तराची होती. तुमच्या मुलाला आज तीन गोष्टी करायला सांगा. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, यातून आकारमानाचं सूत्र काढून दाखवायचं. दहाच्या ऋण घातातल्या दोन संख्यांचा गुणाकार करायचा. आणि ‘३ भागांना ७ तर १० भागांना किती’ हे कागदावर मांडायचं. तिन्ही सहज जमलं तर सुरू करा. अडखळला तर तीन महिने बीजगणित पक्कं करा आणि रसायनशास्त्र मागे सरकवा. घरी शिकवण्याचा हाच तर फायदा आहे. लॉगॅरिदम लागतो तो पीएचला, तो नंतर शिकला तरी चालतं.

पुढे कुठली परीक्षा द्यायची आहे का, हे मात्र पुस्तक घेण्याआधी ठरवा. द्यायची असेल तर परीक्षेचा अधिकृत आराखडा आधी उतरवून घ्या आणि पुस्तक त्याच्याशी ताडून बघा. प्रात्यक्षिकाचे नियम तर आवर्जून वाचा, कारण घरी शिकणाऱ्यांची गाडी तिथेच अडते. केंब्रिजच्या आयजीसीएसई (साधारण दहावीच्या पातळीची आंतरराष्ट्रीय परीक्षा) रसायनशास्त्रात प्रात्यक्षिक परीक्षेच्या जागी लेखी पेपर घेता येतो, आणि बाहेरून बसणाऱ्या विद्यार्थ्याला तो मोठा आधार आहे. पण त्या पेपरात प्रयोगांवरचेच प्रश्न असतात आणि हाताने कधी काही न केलेल्या मुलाला ते जड जातात. एपी केमिस्ट्री हा अमेरिकेतला, महाविद्यालयीन पातळीचा अभ्यासक्रम आहे. त्यात निदान सोळा प्रयोग आणि एकूण वेळेचा पाव भाग प्रयोगांना द्यावा अशी अपेक्षा असते. पहिल्याच वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. परीक्षा नसेल तर तुम्ही मोकळे आहात, कमी प्रकरणं घ्या आणि नीट करा.

तुम्हाला विषय येत नसल्यामुळे एका बाबतीत अजिबात तडजोड करू नका: उत्तरं पायऱ्यांसकट दिलेली हवीत. मागे नुसते आकडे छापलेले असतील तर मुलाचं ३.४ आणि पुस्तकाचं ६.८ यात कुठे घोळ झाला हे तुम्हाला सापडणार नाही, दोघंही वैतागाल. पायऱ्या असतील तर दोघांनी शेजारी बसून ओळ न् ओळ जुळवता येते, आणि या कामाला पदवी लागत नाही. महिन्यातून एकदोनदा शंका विचारायला जाणकार माणूस मिळाला तर फारच छान.

मोफत साधनांबद्दल थोडं. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं रसायनशास्त्राचं पाठ्यपुस्तक नेटवर मोफत आहे, पण ते महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षासाठी लिहिलेलं आहे. संदर्भाला उत्तम, मुख्य पुस्तक म्हणून या वयाला जड. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट ही सिम्युलेशनं मात्र जरूर वापरा. समीकरणं संतुलित करणं, अणूची रचना, वायूंचे गुणधर्म, सगळं हाताने हलवून बघता येतं, आणि बरीच मराठीतही आहेत. व्हिडिओ मी शेवटी ठेवते. मुलं ते बघतात, मान डोलावतात, आणि पाटी कोरीच राहते. आधी गणित करून बघायचं आणि अडलं तरच व्हिडिओ, असा नियम आमच्याकडे आहे.

राहिले प्रयोग. वर्षभरात बारा-पंधरा नीट झाले तर पुरेत. शाईचे रंग कागदावर वेगळे करणं, लाल कोबीच्या रसाचा दर्शक (आम्ल की अल्कली हे रंग बदलून दाखवणारा), सिरिंजने केलेलं अनुमापन, एकात एक घातलेल्या दोन थर्मोकोलच्या पेल्यांत उष्णता मोजणं, तापमान वाढवल्यावर अभिक्रियेचा वेग बघणं, असे. संहत (पाणी फार कमी असलेल्या) आम्लांची या पातळीवर गरजच नाही. प्रयोगांच्या एखाद्या संचाला ती लागत असतील तर तो घेऊ नका. विरल आम्ल करतानाही पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी नाही. पाण्याच्या विद्युत अपघटनासाठी (वीज सोडून पाण्याचे घटक वेगळे करण्यासाठी) बरेच जण मीठ घालायला सांगतात. मिठाने क्लोरीन वायू निघतो, त्याऐवजी धुण्याचा सोडा वापरा. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया कधीही मिसळू द्यायचा नाही, दोन्हींतून विषारी वायू निघतात. आणि ज्योतीचे रंग दाखवायला मिथेनॉल (झटकन पेट घेणारं एक अल्कोहोल) पेटवायचा प्रयोग दिसला तर ते पान फाडून टाका. त्याच्या भडक्याने वर्गात मुलं भाजली आहेत, अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने त्याबद्दल इशाराही दिला आहे. क्षाराच्या द्रावणात भिजवलेली लाकडी काडी ज्योतीत धरली की तेच रंग दिसतात.

वेळ म्हणाल तर आम्ही आठवड्याला चार-पाच तास देत होतो आणि त्यातले दोन सलग, प्रयोगाच्या दिवशी. तासाभरात प्रयोग उरकायला गेलं की नोंद राहून जाते.

तेव्हा आता दोन किंवा तीनच अभ्यासक्रमांचे नमुने मागवा, जास्त नकोत. मोलचं प्रकरण मुलाला स्वतः वाचायला द्या, तुम्ही शिकवू नका. वाचून झाल्यावर पुस्तक मिटायला लावा आणि म्हणा, ‘मला समजावून सांग.’ ज्या पुस्तकानंतर तो तुम्हाला, विषय न येणाऱ्या माणसाला, स्वतःच्या शब्दांत सांगू शकेल ते घ्या. दुसऱ्या पुस्तकाची चित्रं कितीही देखणी असली तरी. पुस्तक ठरायला महिना लागला तरी हरकत नाही, पण डोळ्यांचा गॉगल आजच मागवा: चारी बाजूंनी बंद, आणि मुलाला चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा.