कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कला फक्त दोघांनीच लग्न करायचंय, मार्च बरा की डिसेंबर?

दोन्ही नको. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरा, आणि तोही मंगळवार-बुधवार. मी सॅन डिएगोला राहतो, मामेबहिणीचं लग्न जोशुआ ट्रीलाच झालं, साक्षीदार म्हणून सही माझी आणि फोटोही मीच काढले, म्हणून जरा ठामपणे सांगतोय.

मार्च-एप्रिलला फुलं असतात हे खरं, पण हिवाळ्यात पाऊस नीट झाला तरच, आणि त्याच फुलांसाठी अर्धं लॉस एंजेलिस तिकडे लोटतं. एप्रिलात वर कोचेला म्युझिक फेस्टिव्हल, त्या दोन वीकेंडला आजूबाजूच्या हॉटेलांचे रेट बघूच नका. आणि वारा! जवळच्या पाम स्प्रिंग्जच्या खिंडीत एवढ्या पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. स्प्रिंगला असा सुटतो की मुंडावळ्या सांभाळू की शपथ घेऊ असं होतं. साडी नेसायचीच असेल तर नऊवारी नेसा, कासोट्यामुळे उडत तरी नाही.

डिसेंबरात दुपार मस्त असते, १५-१६ डिग्री, पण ऊन कललं की हुडहुडी, रात्री शून्याखाली पण जातं, शिवाय ख्रिसमसच्या सुट्टीत गेटवर गाड्यांची ही रांग. तरीही डिसेंबरच करायचा असेल तर पार्कच्या खालच्या बाजूला, चोया कॅक्टस गार्डनकडे जागा बघा, तो कोलोरॅडो वाळवंटाचा भाग, वरच्या मोहावी वाळवंटापेक्षा उबदार. फक्त चोयापासून पदर लांब ठेवा, नुसता घासला तरी काट्यांचा अख्खा गोळा चिकटून येतो आणि हाताने काढायला गेलात तर हातात घुसतो, पर्समध्ये कंगवा ठेवा, त्याने उडवायचा. उन्हाळा तर विसराच, ३८ च्या वर पारा, आणि मान्सूनचे ढग आले की कोरड्या ओढ्यांना अचानक पूर.

नोव्हेंबरात दुपारी साधारण २०-२२, हवा शांत. एकच लक्षात ठेवा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, त्यानंतर सूर्य पावणेपाचच्या सुमारास बुडतो आणि मोठ्या दगडांआड त्याच्याही आधी, म्हणून साडेतीनला उभे राहा. चारच्या पुढे ते दगड जे केशरी होतात ना, फिल्टर लागत नाही. घरी नंतर सांगायचं असेल तर तुळशीची लग्नंही साधारण याच सुमारास लागतात, गोरज मुहूर्त साधला म्हणा, आई निम्मी तरी विरघळेल!

बाकी, पार्कात लग्नाला परमिट लागतं, अर्ज बराच आधी करा. अक्षता टाकता येत नाहीत, फुलांच्या पाकळ्या पण नाही, होम तर नाहीच. मॅरेज लायसन्स कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही काउंटीत मिळतं पण ९० दिवसच चालतं, तेव्हा उन्हाळ्यातच काढून ठेवू नका. आणि आत फोनला रेंज जवळजवळ नसते, लग्न लावणाऱ्याला पार्किंगची नेमकी जागा आदल्या दिवशीच पाठवा.