उन्हाळा सरून शरद लागतो तेव्हा तुमच्या घरी काय बदलतं? लहानसहान सुखं कोणती?

तुम्ही कॅनडात राहता. लिहिलंय की ऑगस्ट संपत आला की संध्याकाळी स्वेटर घालावा लागतो, सप्टेंबरात मुलांच्या शाळा सुरू होतात, मग झाडं लाल-पिवळी होतात, आणि या दिवसांत घरात एक वेगळंच बरं वाटतं. भारतात असं काही असतं का, हा तुमचा प्रश्न. सगळ्या भारताचं मी काय सांगणार? मी इंदूरचा, आमची इथली चौथी पिढी. तेवढ्यापुरतं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यातून थेट शरदात जाता येत नाही, मध्ये पाऊस बसलेला असतो. जूनच्या उत्तरार्धात येतो आणि सप्टेंबर संपताना कसाबसा निघतो. त्यामुळे उन्हाळा सुटल्याचा आनंद जूनमध्येच साजरा करून झालेला असतो, आणि ऑक्टोबरात तोच उन्हाळा विसरलेली छत्री न्यायला आल्यासारखा पंधरा-वीस दिवस परत येतो. पानंबिनं काही रंगत नाहीत. आमच्या घरात शरद येतो तो छतावरून. (पुण्याची मावशी दर वेळी "गच्ची म्हण रे" म्हणून टोकते. आम्ही छतच म्हणतो.)

पावसाळाभर आमचं छत बंद असतं. जुलैत जे शेवाळ धरतं ते असं की मांजरसुद्धा कठड्यावरून जातं. चार वर्षांपूर्वी मी टाकीचं झाकण बघायला गेलो आणि बसलो दाणकन. तेव्हापासून आईनं वरच्या दाराला आतून कुलूप घातलंय आणि किल्ली तिच्या पोथीच्या पिशवीत असते. त्यातून छत गळतं. एकाकडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, पाच वर्षांची गॅरंटी लिहून दिली, दुसऱ्याच पावसाळ्यात देवघराच्या बरोबर वर ओल आली. फोन केला तर म्हणतो, "भिया, ये तो सीलन है, लीकेज थोडी है." आता श्रावणात देवांच्या मागे एक पातेलं असतं, त्यात टप टप चालू, आणि आई शांतपणे म्हणते, "महादेवाला अभिषेक चाललाय, चालू दे."

तर ती किल्ली पिशवीतून बाहेर येते पितृपक्षात. कावळ्यासाठी.

इथे एक गंमत सांगायला हवी. आमचा पितृपक्ष भाद्रपद वद्यातला. शेजारच्या भाभींचा आश्विन कृष्णातला. दिवस मात्र तेच! त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावस्येला, म्हणून वद्य पक्षात आमच्या दोन घरांत एका महिन्याचं अंतर असतं आणि शुद्ध पक्षात आम्ही परत एका महिन्यात येतो. श्रावणात तर फारच घोळ. त्यांचे सोमवार आमच्या आधी पंधरा दिवस सुरू होतात, आणि आमचे संपत आले की भाभी विचारतात, "अरे, आपका अभी तक चल रहा है?" आमच्या भिंतीवर कालनिर्णय आहे, त्यांच्याकडे हिंदी पंचांग. पितर बिचारे दोन्हीकडे एकाच तिथीला येतात.

बाबांची तिथी पंचमी. आई त्या दिवशी सगळं रीतसर करते: खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी, आमसुलाची चटणी. पान घेऊन मी वर जातो, कठड्यावर ठेवतो आणि वाट बघत उभा राहतो. कावळे हल्ली कमी झालेत. आधी खार येते, मग दोन साळुंक्या, आणि कावळा समोरच्या मोबाइल टॉवरवर बसून आमच्याकडे असा बघत असतो की जणू पानात काहीतरी राहिलंय. मागच्या वर्षी पाऊण तास झाला तरी हलेना. खाली सगळे उपाशी. शेवटी माझी लेक खाली गेली आणि मूठभर सेव आणून वड्याशेजारी ठेवली. रतलामी, लवंगाची. मिनिटभरात कावळा हजर, आणि पहिली चोच सेवेलाच. आई खालून ओरडली, "शिवला का?" लेक म्हणाली, "आजी, सेव खाल्ली!" आई आधी हसली, मग डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. बाबा पोह्यांवर, वरणावर, एकदा तर श्रीखंडावरसुद्धा सेव घालून घ्यायचे. आता पानात सेव दर वर्षी असते. गुरुजींना विचारलं नाही.

एकदा दार उघडलं की ते उघडंच राहतं. पुढच्या रविवारी शेवाळ काढायचं. शनिवारी रात्री ब्लीचिंग पावडर भुरभुरून ठेवायची, सकाळी तारेचा ब्रश आणि खराटा. हे काम माझं. दोन तास कंबर मोडते, पण हिरव्या चिखलाखालून आधी करडी, मग जुनी लाल फरशी निघायला लागते तेव्हा जे वाटतं ते ऑफिसात कुठलंही काम पूर्ण केल्यावर वाटलेलं नाही. फरशी सुकली की बायको वर येते, अनवाणी चालून बघते आणि एखादा कोपरा राहिलेला दाखवते.

मग उन्हं. पावसाळाभर घरात जी कुबट ओल बसलेली असते ती घालवायला आश्विनाचं ऊनच लागतं. "अरे, ऊन बघ कसं पडलंय आणि तू पेपर वाचतोस? गाद्या काढ!" असं आईचं सुरू झालं की समजायचं, ऋतू बदलला. गाद्या, उशा, आजीच्या नऊवाऱ्यांच्या गोधड्या, लोकरीच्या कपड्यांची ट्रंक, सगळं छतावर. आईचे नियम कडक: बारापर्यंत एक बाजू, मग दुसरी, आणि चारच्या आत सगळं खाली, दव धरायच्या आधी. आणलेल्या गोधडीवर लगेच झोपायचं नाही, उष्णता बाधते. लेक हा नियम दर वर्षी मोडते. तापलेल्या ढिगावर पालथी पडते आणि नाक खुपसून वास घेत राहते. कसला वास म्हणाल तर सांगता येत नाही, जुनं सुती कापड, डांबरगोळी आणि ऊन.

छताच्याच एका टोकाला चादरींवर डाळी आणि गहू पसरलेले असतात. आमच्याकडे अजून एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरतात, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत. पावसाळ्यात त्यात टोके, म्हणजे बारीक काळे किडे, होतात म्हणजे होतातच. उन्हात पसरले की दहा मिनिटांत ते आपले आपण निघतात, गव्हाच्या रंगावर काळे ठिपके सगळे चादरीच्या कडेकडे चालायला लागतात. लहानपणी मी आणि ताई त्यांच्या शर्यती लावायचो. माझ्या मुलीला हे घाणेरडं वाटतं, पण उठून जात नाही, बघत बसते.

आता खाली स्वयंपाकघरात. इंदूरच्या माणसाला या दिवसांबद्दल विचारलंत आणि त्यानं भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, किस सांगितला नाही, तर तो इंदूरचा नव्हे. सराफ्यात, आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभं राहून खायचा तो वेगळा, घरचा वेगळा. सप्टेंबरचा शेवट म्हणजे देशी भुट्ट्याचे शेवटचे दिवस. नखानं दाणा टोचून बघायचा, दाट दूध आलं तर घ्यायचा. पाणी आलं तर कोवळा आहे, काहीच आलं नाही तर गेला, तो आता भाजून खा. स्वीट कॉर्नचा किस करू नका. एक तर पाणी सुटतं, वर गोडमिट्ट होतो.

सहा भुट्टे असले तर आमच्या पाच माणसांना होतात. किसणी परातीत उभी धरायची आणि भुट्टा हलक्या हातानं फिरवत किसायचा. दाण्यांची दोनच आवर्तनं घ्यायची, तिसऱ्याला बुरकुंड्याचा, म्हणजे मधल्या दांड्याचा, चोथा यायला लागतो आणि सगळा किस दाताखाली येतो. मनगटापर्यंत दूध उडतं, वाळलं की कातडी ताणल्यासारखी होते. कढईत तूप जरा सढळ, त्यात मोहरी, जिरं, हिंग, भरपूर हिरवी मिरची, चिमूटभर हळद. मग किस घालून परतत राहायचं. कच्चा वास गेला की पाऊण वाटी दूध, मीठ, अर्धा चमचा साखर, आणि गॅस बारीक. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. किस कढईची कड सोडायला लागेपर्यंत आणि तूप बाजूनं दिसेपर्यंत थांबायचं, अर्धा तास तरी. उतरवताना लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं, ताटात वरून जीरावन, म्हणजे आमचा इंदुरी कोरडा मसाला. आणि तळाशी धरलेली खरवड. तिच्यावरून आमच्याकडे अजून भांडणं होतात, वय वर्षं तेरा ते अठ्ठ्याहत्तर.

माझ्या लेकीचे हे दिवस दुहेरी असतात. भाद्रपदी पौर्णिमेपासून सर्वपित्रीपर्यंत माळव्यात मुली भिंतीवर संझा काढतात, शेणाची, रोज नवी आकृती, वर फुलांच्या पाकळ्या. शेजारच्या भाभींची मुलगी आणि आमची मिळून आमच्या जिन्याच्या भिंतीवर काढतात. चंद्र-सूर्य रोज असतात, बाकी पाच कुँवारे, पंखा, साथिया असं बदलत जातं आणि शेवटी सगळं मिळून मोठा किलाकोट. बाजारात आता छापील कागदाची संझा मिळते, चिकटवली की झालं. दोघींनी ती आणली नाही याचं श्रेय त्यांना नाही, शेण कालवायला मिळतं याला आहे. अमावस्येला संझा उतरते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच मुली आमच्याकडे भोंडल्याला येतात. पाटावर हत्ती आणि भोवती फेर. मराठी गाण्यांचे शब्द भाभींच्या मुलीला कळत नाहीत, पण खिरापत ओळखण्यात तिच्यासारखी कोणी नाही. डबा हलवून, कानाशी लावून, आमच्या मंडळींची तोंडं बघून बरोबर सांगते. एकदा बायकोनं मुद्दाम गिलक्याची भजी ठेवली, तीसुद्धा ओळखली. वासावरून, असं म्हणाली.

आजारपणही याच दिवसांतलं. शरद ऋतू म्हणजे वैद्यांची आई, अशी जुनी म्हण आहे, ती उगीच नाही. दुपारी ३२-३३ अंश आणि पहाटे १८-१९. घरात एक तरी माणूस खोकत असतं. तेवढं सोडा.

कारण त्या बदल्यात रात्री मिळतात. सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा, असं म्हणतात ना, त्यातली शब, म्हणजे रात्र, हीच. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. ढग गेले, हवा कोरडी झाली की दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते, वर पांघरूण घालायला ढग नसतात ना. आठच्या सुमारास छतावर गेलं की फरशी पायाला कोमट लागते आणि वारा मात्र गार. दहापर्यंत फरशीही गार.

कोजागरीला दोन्ही घरं आमच्या छतावर. आमचं दूध आटवलेलं, केशर-चारोळी-वेलदोडा घातलेलं, कढईतून गरमागरम. भाभींची खीर मात्र पातळ कापड बांधून चांदण्यात ठेवलेली, ती बारानंतरच खायची, थंड. दर वर्षी वाद, चंद्राचा गुण कशात जास्त उतरतो. दर वर्षी दोन्ही संपतं. मागच्या खेपेला भाभींच्या पातेल्याशी कापड सोडून कोणीतरी आधीच पोचलं होतं. कठड्यावरचं ते मांजर मिशा चाटत बसलेलं. भाभी म्हणाल्या, "चलो, किसी ने तो भोग लगाया."

आणि एक अगदीच बारीक गोष्ट, पण तुमच्या स्वेटरच्या जवळ जाणारी. एप्रिलपासून आमचा पंखा पाचवर असतो. ऑक्टोबरातल्या एका रात्री आई येऊन काही न बोलता तो तीनवर करते. बायको पाण्याला उठते आणि चार करते. आई पहाटे उठून दोन करते. हे आठ-दहा दिवस चालतं, दोघी दिवसा याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मी मध्ये झोपलेला, पायाशी ती उन्हं खाल्लेली गोधडी, कधी ओढायची कधी लाथाडायची.

आत्ता हे लिहितोय तेव्हा पंखा दोनवर आहे. आईच्या खोलीतला दिवा गेला की तीन करणार आहे.