आईसाठी आठ हजार रुपयांत जुना स्मार्टफोन: आयफोन एक्सआर घ्यावा की गॅलेक्सी एम१४?

आपण लिहिले आहे की दादरला राहणाऱ्या आपल्या आईसाठी ८,००० रुपयांपर्यंतचा वापरलेला फोन हवा आहे. वापर साधा आहे, म्हणजे बोलणे, व्हॉट्सअ‍ॅप, भाजीवाल्याला यूपीआयने पैसे देणे आणि अधूनमधून लोकलचे तिकीट काढणे. एक नातेवाईक आपला आयफोन एक्सआर द्यायला तयार आहेत आणि एका दुकानदाराने सॅमसंग गॅलेक्सी एम१४ ५जी दाखवला आहे. या दोहोंत मी एम१४ घेईन, मात्र तो खाली सांगितलेल्या तपासण्यांतून सुखरूप बाहेर पडला तरच.

आधी ‘साधा वापर’ या शब्दांविषयी बोलायला हवे, कारण जुना फोन घेताना बहुतेकांची फसगत तिथेच होते. फोटो काढणे, गाणी ऐकणे, व्हिडिओ पाहणे ही कामे आपल्याला भारी वाटतात, पण पाच-सहा वर्षांपूर्वीचा चांगला फोनही ती आरामात करतो. याउलट भाजीवाल्याला चाळीस रुपये देणे हे फोनकडून करवून घेण्याचे सर्वांत कडक काम आहे. बँकेचे अ‍ॅप प्रत्येक वेळी उघडताना फोनमधली प्रणाली मूळची आहे की कोणी तिच्यात हात घातला आहे, हे तपासते, यूपीआयचे खाते त्या फोनमधल्या सिमशी बांधलेले असते आणि यातले काही खटकले तर अ‍ॅप सरळ बंद होते. म्हणून आपल्या आईच्या फोनची निवड कॅमेरा किंवा रॅम पाहून करू नये. बँकेचे अ‍ॅप त्या फोनला आणखी किती वर्षे उभे करून घेणार आहे, एवढाच प्रश्न विचारावा. (रॅम ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी यांच्या खाली मात्र उतरू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी सकाळची सुविचारांची चित्रे ३२ जीबीचा फोन वर्षभरात भरून टाकतात.)

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. २०२२ मध्ये वडिलांसाठी ग्रँट रोड भागातल्या एका दुकानातून मी चार वर्षांपूर्वीचा, एके काळी फार महाग असलेला अँड्रॉइड फोन घेतला. पडदा सुरेख, कॅमेरा उत्तम, किंमत मूळच्या पाचव्या हिश्श्याची. दुकानदाराने माझ्यासमोर तो ‘फॅक्टरी रिसेट’ करून दिला आणि मलाही ते सचोटीचे लक्षण वाटले. घरी येऊन फोन सुरू केला, तर त्याने आधीच्या मालकाचे गूगल खाते आणि पासवर्ड मागितला. चोरलेला फोन नुसता पुसून विकता येऊ नये म्हणून अँड्रॉइडमध्ये ५.१ या आवृत्तीपासून ही सोय आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी फोन घेऊन परत गेलो, तेव्हा दुकानदाराने तो आत नेला आणि ‘सॉफ्टवेअर मारून देतो’ म्हणत तासाभरात सुरू करून दिला. व्हॉट्सअ‍ॅप चालले, फोन लागले, वडील खूश झाले. बँकेचे अ‍ॅप मात्र पहिल्याच पडद्यावर अडले, कारण ‘मारलेले’ सॉफ्टवेअर मूळचे नव्हते. त्या दुकानात पैसे परत मिळण्याची पद्धत नव्हती. पुढची दोन वर्षे तो फोन आमच्या स्वयंपाकघरात रेडिओ म्हणून वाजत राहिला.

म्हणून आता मी दुकानात उभा राहूनच तीन गोष्टी पाहतो. रिसेट करण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन जुने गूगल खाते विकणाऱ्याकडून काढवून घेतो, मग रिसेट करवतो आणि माझे खाते घालून फोन पूर्ण सुरू होईपर्यंत तिथून हलत नाही. आयफोन असेल तर ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधण्याची आणि मालकाच्या खात्याशी बांधून ठेवण्याची सोय) बंद केले आहे का, हे त्याच्याच हातून पाहून घेतो, कारण ते चालू राहिले तर तो फोन म्हणजे काचेची वीट. दुसरे म्हणजे प्ले स्टोअरच्या सेटिंगमधल्या माहितीच्या भागात ‘प्ले प्रोटेक्ट’ प्रमाणपत्राची ओळ असते, तिथे फोन प्रमाणित आहे असे लिहिलेले हवे. ते नसेल, तर प्रणालीत कोणीतरी हात घातला असण्याची शक्यता मोठी असते आणि अशा फोनवर बँकेच्या अ‍ॅपची खात्री देता येत नाही. तिसरे म्हणजे ‘फोनविषयी’ या भागात अँड्रॉइडच्या आवृत्तीबरोबर शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती दीड-दोन वर्षे जुनी असेल, तर कंपनीने त्या फोनकडे पाठ फिरवली आहे असे समजावे.

ही तारीख महत्त्वाची का, हे काही उदाहरणांवरून लक्षात येईल. जानेवारी २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइड ४.४ असलेल्या फोनांची साथ सोडली आणि त्याच वर्षाच्या मध्याला आयओएस १५.१ पेक्षा जुन्या प्रणालीवर थांबलेल्या आयफोन ५एस, ६ आणि ६ प्लस यांना वगळले. गूगलच्या क्रोम ब्राउझरला २०२५ पासून नव्या आवृत्त्यांसाठी निदान अँड्रॉइड १० लागते. यांतला कोणताही फोन त्या दिवशी बिघडला नव्हता, तो चालू स्थितीतच निरुपयोगी झाला. विकणारा ‘एकदम कंडिशनमध्ये आहे’ म्हणतो तेव्हा तो काचेविषयी खरेच बोलत असतो, पण फोनचे आयुष्य आता काचेवर ठरत नाही.

आयफोन एक्सआर २०१८ मधला आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली आयओएस २६ ही प्रणाली त्यावर चढत नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकेची अ‍ॅपे त्यावर लगेच बंद पडणार नाहीत, पण त्याच्या उतरणीला सुरुवात झाली आहे. शिवाय सात-आठ वर्षांच्या फोनची बॅटरी बदललेली नसेल तर ती थकलेली असणारच. बदललेली असेल तर कुठे बदलली हा वेगळा प्रश्न. एम१४ हा २०२३ मधला फोन आहे आणि त्याला चार वर्षे सुरक्षा अपडेट देण्याचे कंपनीने जाहीर केले होते, म्हणजे २०२७ पर्यंत. त्याची बॅटरी ६,००० एमएएचची असल्याने थोडी झिजली तरी दिवस निभावतो. दोष सांगायचा तर तो २०० ग्रॅमपेक्षा जड आहे, आईंना हातात धरून पाहू द्यावा. आईंनी आजवर अँड्रॉइडच वापरला असेल, तर आयफोनवर मागे जाण्याची खूण शोधण्यातच त्यांचे दोन महिने जातील आणि ते शिकवणीचे फोन आपल्यालाच येतील.

थोडे पैसे वाढवता येत असतील, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला गॅलेक्सी ए१६ ५जी वापरलेल्या स्थितीत शोधावा. त्याला सहा वर्षे सुरक्षा अपडेटचे आश्वासन आहे, म्हणजे २०३० पर्यंत. किमतीला मी अपडेटच्या उरलेल्या महिन्यांनी भागून पाहतो आणि या हिशेबात हजार-दीड हजार जास्त देऊन घेतलेला अलीकडचा फोन पुष्कळदा स्वस्त ठरतो. आयफोनच हवा असेल, तर २०१९ चा आयफोन ११ किंवा २०२० चा आयफोन एसई यांच्यावर आयओएस २६ चालते, पण चांगल्या स्थितीतला नग आपल्या रकमेत बसेलच असे नाही. गूगलचा पिक्सेल ६ए कोणी फार स्वस्तात दाखवला, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुलै २०२५ मध्ये गूगलने बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे या फोनांवर सक्तीचा अपडेट धाडला असून चार्जिंगच्या ४०० फेऱ्यांनंतर त्यांच्या बॅटरीची क्षमता मुद्दाम कमी केली जाते.

नेटवर्कविषयी फार चिंता नको, साध्या वापराला ४जी पुरते. मात्र जिओकडे २जी किंवा ३जी नाहीच, त्यामुळे फोनवरचे बोलणेसुद्धा व्होल्टीमार्फत, म्हणजे ४जीच्याच जाळ्यावरून होते आणि ते त्या फोनमध्ये आपल्या सिमच्या कंपनीसाठी चालू असावे लागते. मनीष मार्केट किंवा हिरा-पन्नासारख्या ठिकाणी परदेशातून आलेले फोनही मिळतात. त्यांत इंटरनेट छान चालते आणि कॉल मात्र लागत नाही, असा प्रकार होऊ शकतो. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनांत तर सिम घालायला खाचच नसते. यावर उपाय सोपा आहे, आईंचे सिम सोबत न्यावे आणि दुकानातून कोणाला तरी फोन लावून दोन मिनिटे बोलावे. कानाजवळचा स्पीकर आणि माइक यांची परीक्षाही त्यात होऊन जाते.

लोकलच्या तिकिटासाठी आणखी एक गोष्ट मुंबईकराने पाहावी. तिकिटाचे अ‍ॅप आपण स्थानकाच्या आवारात किंवा गाडीत नाही ना, हे जीपीएसवरून ठरवते. जुन्या फोनचा जीपीएस कमजोर झाला असेल, तर दादरच्या फुलबाजारात उभे असतानाही आपण फलाटावर आहोत असे तो सांगतो आणि तिकीट निघत नाही. दुकानाबाहेर येऊन नकाशा उघडावा. निळा ठिपका अर्ध्या मिनिटात आपल्या गल्लीत स्थिरावला, तर फोन ठीक आहे.

मुंबईच्या पावसाचे पाणी प्यायलेले फोनही बाजारात येतात, विशेषतः श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास. आयफोनमध्ये सिमच्या खाचेत विजेरीचा झोत टाकला तर ओल ओळखणारी खूण दिसते. ती पांढरट असावी, लाल झाली असेल तर फोनच्या आत पाणी गेलेले आहे. इतर फोनांत चार्जिंगच्या खाचेत हिरवट गंज आहे का ते पाहावे आणि फोन दहा मिनिटे चार्जिंगला लावून तो तापतो का, हे हाताला समजून घ्यावे. फोन आधी दुरुस्तीसाठी उघडलेला, म्हणजे ‘ओपन’ झालेला असेल, तर मूळची जलरोधकता गेली असे धरून चालावे, मग खोक्यावर काहीही छापलेले असो.

चोरीच्या मालाची भीती रास्त आहे. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की १५ आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवावा आणि रोमन लिपीत ‘केवायएम’ लिहून, एक जागा सोडून, तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावरही हीच सोय आहे. उत्तरात फोन काळ्या यादीत असल्याचे किंवा क्रमांक दुसरीकडे वापरात असल्याचे आले, तर किंमत कितीही कमी असो, तिथून उठावे. ‘बिल नाही, पण गॅरंटी माझी’ म्हणणाऱ्या दुकानदाराकडून निदान शिक्का मारलेल्या कागदावर क्रमांकासह विक्रीची नोंद घ्यावी. नातेवाइकाकडून घेताना हे मागायला संकोच वाटतो, पण मूळ बिल तेवढे मागून ठेवावे.

फोन घरी आल्यावर यूपीआय नव्याने नोंदवावे लागते. त्यासाठी आईंच्या सिमवरून एसएमएस जावा लागतो, म्हणून त्यावर चालू रिचार्ज आहे ना ते पाहावे आणि डेबिट कार्ड किंवा आधार हाताशी ठेवावे. नव्या फोनवर पहिल्या दिवशी मोठी रक्कम सहसा पाठवता येत नाही, तेव्हा सोसायटीचा मेंटेनन्स किंवा विजेचे बिल भरायच्या शेवटच्या तारखेला फोन बदलू नये, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नव्या फोनवर उतरल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुना फोन पुसू नये.