घराचं वायरिंग तपासताना आधी काय बघायचं?

भावा, पहिल्याच दिवशी मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) हातात घेऊ नकोस. आधी अर्थिंग. पेठांतल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागं अर्थची वायरच नसते. टेस्टर फेजला पेटला म्हणजे अर्थिंग आहे, असं नव्हे.

मग बोर्ड:
- ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) आहे का? टेस्ट बटण दाबून पाड, म्हणजे ट्रिप करून बघ. नुसता एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडणारा स्विच) माणसाला शॉकपासून वाचवत नाही; नवखे इथंच फसतात.
- दीड चौरस मिमी वायरीवर ३२ अँपिअरचा एमसीबी? वायर तापून जळेल, तो पडणार नाही.

गीझर १६ अँपिअरच्या सॉकेटवरच हवा. २०१९ किंवा २०२१ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात पाणी शिरलेलं घर असेल तर मेन बंद करून खालचे बोर्ड उघड. हिरवट गंज चढलेली टर्मिनलं घासत बसू नकोस, सॉकेटच बदलायला सांग.