गाढवाचा पक्ष फुटत का नाही?

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा डलासला असतो. दर रविवारी फोनवर सांगतो की गाढव चिन्हाच्या डेमोक्रॅटिक पक्षात दोन तट पडलेत, एकमेकांची तोंडं बघत नाहीत, पक्ष संपला. आणि नोव्हेंबरात तोच पक्ष जिंकतो! आपल्याकडे शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली. मग तिकडचा पक्ष फुटत का नाही?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : फुटीच्या बाबतीत आपण नागपूरकरांनी कोणाकडून शिकायची गरज नाही. १९०७चं काँग्रेस अधिवेशन आपल्याच गावात व्हायचं होतं. इथे टिळकांच्या माणसांचा जोर, म्हणून मवाळांनी ते सुरतेला हलवलं, आणि तिथे जोडे-खुर्च्या चालून व्हायचं तेच झालं.

तुमचा मुलगा खोटं सांगत नाही. भांडण आहे, आणि चांगलंच आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये खर्चाला मंजुरी न मिळाल्याने अमेरिकेचं सरकारी कामकाज ठप्प झालं. ते ४३ दिवस बंद होतं. पक्षाचं धोरण अडून राहण्याचं, तरी शेवटी सिनेटमधल्या डेमोक्रॅटिक बाजूच्या आठ जणांनी रिपब्लिकनांबरोबर मत दिलं. पक्षात आरडाओरडा झाला. पण आमदारकी-खासदारकी घालवणारा आपला १९८५चा पक्षांतरबंदी कायदा तिकडे नाही, त्यामुळे आठही जण दुसऱ्या दिवशी आपापल्या खुर्चीत. व्हिप तिथेही असतो, पण समजूत घालणं हेच त्याचं मोठं हत्यार.

आता मुख्य गोष्ट. माझी मुलगी न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिच्या स्वयंपाकघरातल्या एका खणात रबरबँड, औषधांची पाकिटं आणि जुन्या नमुना मतपत्रिका असतात. मतदानाआधी त्या घरपोच येतात. छत्तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून आणि सहा निवडणुकांची ड्यूटी करून मीही असला कागद पाहिला नव्हता. ती पक्षाच्या घरातल्या निवडणुकीची, म्हणजे प्रायमरीची पत्रिका होती. एका पक्षाचे चार इच्छुक, आणि तिकीट कोणाला द्यायचं ते मतदार ठरवणार! आपल्याकडे महापालिकेच्या वेळी ए-बी फॉर्म खिशात येईपर्यंत इच्छुकाला जेवण गोड लागत नाही. तो फॉर्म वरून येतो. तिकडे तो गल्लीतून येतो म्हणा ना.

पक्षाचा माणूस व्हायला तरी काय लागतं? १९२०च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने वर्गणी चार आणे केली होती. न्यू जर्सीत तेही नाहीत. मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्षाच्या नावापुढे खूण केली की झालं.

म्हणून तिकडे कोणी चतुर नाही असं समजू नका. खणातल्या २०२३च्या पत्रिकेवर स्थानिक संघटनेची मर्जी असलेले सगळे उमेदवार वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात होते. त्याला तिथे ‘लाइन’ म्हणतात. बाकीचे बिचारे लांब कडेला. त्या जागेला लोकांनी नाव ठेवलं होतं सायबेरिया. म्हणजे श्रेष्ठींनी कागदाच्या आखणीतच ए-बी फॉर्म दडवला होता! अँडी किम नावाचे खासदार याविरुद्ध कोर्टात गेले. मार्च २०२४मध्ये कोर्टाने त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही आखणी थांबवली. जूनमधल्या त्या प्रायमरीची पत्रिकाही त्याच खणात आहे. तिच्यात एका पदाचे सगळे उमेदवार एका चौकटीत. किम पुढे सिनेटर झाले.

तिकीट असं मिळत असल्यामुळे भांडण घरातच लढता येतं, वेगळी चूल मांडावी लागत नाही. मांडली तर काय होतं ते रिपब्लिकनांनी १९१२मध्ये भोगलंय. थिओडोर रूझवेल्ट रागावून बाहेर पडले, पक्षाचे उमेदवार टाफ्ट आणि ते दोघेही पडले, आणि जेमतेम ४२ टक्के मतांवर डेमोक्रॅट विल्सन अध्यक्ष झाले. शिवाय आता बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून उभं राहता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये वाट निघते. २०२५मध्ये अँड्र्यू कुओमो महापौरपदाची प्रायमरी झोहरान ममदानींकडून हरले आणि अपक्ष उभे राहिले. अस्सल आपल्यासारखी बंडखोरी. पुन्हा हरले.

आणि त्याच दिवशी, ४ नोव्हेंबरला, व्हर्जिनियात गुप्तचर खात्यात काम केलेल्या अबिगेल स्पॅनबर्गर आणि न्यू जर्सीत नौदलात हेलिकॉप्टर चालवलेल्या मिकी शेरिल गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. दोघी मध्यममार्गी. ममदानी स्वतःला समाजवादी म्हणवतात. तिघांना एका ताटात जेवायला बसवलं तर वरणावरूनही वाद होईल, पण पक्ष एकच. शेरिल गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत पाच जणांना मागे टाकून आल्या होत्या. माझ्या मुलीने तिथे त्यांना मत दिलं नव्हतं. नोव्हेंबरात दिलं. मी विचारलं, राग नाही आला? म्हणाली, “राग जूनमध्ये काढून झाला.”

तुमच्या मुलाला काळजीच करायची असेल तर तटांची नको, घरी बसणाऱ्यांची करायला सांगा. २०२०मध्ये बायडेन यांना ८ कोटी १२ लाखांवर मतं होती, २०२४मध्ये कमला हॅरिस यांना साडेसात कोटी. ट्रम्प यांची वाढ मात्र तीसेक लाखांचीच. सगळी मतं तिकडे गेली नाहीत. बरीच मंडळी मतदानालाच गेली नाहीत. वाडीतला नाराज कार्यकर्ता मतदानाच्या दिवशी रामटेकला सहलीला निघून जातो, तसंच.

प्रश्न : आणि गाढव-हत्ती ही चिन्हं त्यांना कोणत्या आयोगाने दिली? फुटले तर कोणाला मिळतील?
– तेच वाचक

उत्तर : आयोग कुठला, ती टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने रुळवली. गाढव १८७०मध्ये, हत्ती १८७४मध्ये. रिपब्लिकनांनी हत्ती आपलासा केला. गाढवावर मालकी सांगायला कोर्टात कोण जाणार?